आज कशाची भीती?

धावायला निघण्याआधी पांढरीपांडे काका आपल्या घराच्या फाटकाशी उभे राहायचे आणि आज आपल्याला कशाची भीती वाटते आहे ते मोठ्याने सांगायचे. लोक देवाचं नाव घेतात तितक्या नेमाने. "आज मला ट्रकची भीती वाटून राहिली. अन् गुडघ्याची. अन् डेअरीपाशी तो काळा कुत्रा बसते, त्याची." एवढं झालं की माझ्याकडे वळून विचारायचे, "तुझी बोल. आज कशाची भीती?" मी सांगितल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत. सुरुवातीला मी लाजून "काही नाही, काका" म्हणायची. मग ते तिथेच कट्ट्यावर बसकण मारायचे. "मग बसू. तुला आठवलं की निघू."

जबलपुरात पांढरीपांडे हे आडनाव कोणाच्या तोंडात मावत नाही. आमचा सगळा चेरीताल मोहल्ला त्यांना पांडेजी म्हणे, आणि नवे लोक त्यांना बनारसकडचे समजत. त्यांनी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. "इतकं लंबं नाव सांगेपर्यंत समोरच्याची गाडी सुटते," म्हणायचे. उंच, जरा वाकलेले, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत डोक्यावर कानटोपी. त्यांचं धावणं म्हणजे पाय जमिनीपासून फार वर न उचलता केलेली लगबग. मागून पाहिलं तर बँक बंद व्हायच्या आत पोचायला निघालेला माणूस वाटावा. पण हा माणूस सहासष्टाव्या वर्षी त्या लगबगीत मला मागे टाकत असे.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती घराजवळच्या मैदानात. तेव्हा मी धावत नव्हते, नुसती चालत होते, आणि चालताना दोन बोटं मनगटावर दाबून धरली होती. आमच्या घरात छाती दगा देते. बाबा गेले तेव्हा पन्नाशीलाही पोचले नव्हते. दादा भोपाळला ऑफिसच्या जिन्यात बसला तो उठलाच नाही. पंचेचाळीस वर्षांचा होता. माझंही ते वय आता जवळ येत होतं. मी लग्न केलं नाही, एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि घरात मी आणि आई दोघीच. मला काही झालं तर आईचं काय, हा एकच विचार मी दिवसभर पुस्तकं इकडून तिकडे ठेवताना करत असे.

काका शेजारून जाताजाता थांबले. "काहून मोजून राहिली बेटा? पळून जाते का ते?"

का कोण जाणे, मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. बाबांचं, दादाचं, माझ्या वयाचं. तोवर ज्याला ज्याला सांगितलं होतं त्याने "अगं, घाबरू नकोस, असं काही नसतं" म्हणून विषय संपवला होता. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि मानेवरचा घाम पुसला. "घाबरायचीच गोष्ट आहे ही," ते म्हणाले. "मला तं ऐकूनच कसंसं होऊन राहिलं." त्यांना खरंच कसंसं होत होतं. कितीतरी वर्षांनी मला कोणीतरी खरं बोललं असं वाटलं आणि मी त्यांच्याबरोबर आणखी दोन चकरा मारल्या.

हा घाबरट माणूस आयुष्यभर दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होता, हे मला नंतर कळलं. मला हसू आवरेना. त्यांना त्यात काही गंमत वाटली नाही. "आमच्या सेक्शनमध्ये ज्याला भीती वाटत नव्हती, त्याच्याजवळ आम्ही उभे राहत नव्हतो," ते म्हणाले. "नवा पोरगा आला अन् म्हणाला, मुझे डर नहीं लगता साहब, की मी त्याची बदली मागायचो. घाबरलेला माणूस दोनदा पाहते. घाबरलेला माणूस घरी परत येते." सकाळी कामाला लागण्याआधी तिथे ते सगळ्यांना विचारत, आज कोणाला कशाची धास्ती वाटते. कोणी म्हणे रात्री झोप झाली नाही, कोणी म्हणे हात थरथरतो. मग त्याला त्या दिवशी दुसरं काम. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही, इतकंच.

घरी मात्र काकू त्यांची यथेच्छ टर उडवत. जत्रेतल्या पाळण्यात बसायची भीती, लिफ्टची भीती, पालीची भीती. काकूंनी कुकर लावला की काका तिसरी शिट्टी होईपर्यंत अंगणात. "गोळे मोजत जन्म गेला, अन् डाळ शिजताना पाहवत नाही," काकू म्हणायच्या. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते यांच्यासाठीच." काका शांतपणे उत्तर द्यायचे, "ब्रह्मराक्षस पाठी आहे तं मला माहीत आहे ना तो कुठे आहे. तू सांग, तुझा कुठे आहे?" आणि शिट्टी मोजायला पुन्हा कान लावायचे.

साठीनंतर रक्तात साखर निघाली म्हणून ते धावायला लागले होते. माझ्या चालण्याचं धावणं कधी झालं ते मला कळलं नाही. आधी दोन खांबांमधलं अंतर धावायचं, पुढचं चालायचं. त्याआधी त्यांनी मला डॉक्टरांकडे पाठवलं. छातीला तारा लावून मला पट्ट्यावर पळवलं, फोटो काढले, आणि डॉक्टर म्हणाले, "मैडम, आपका दिल एकदम ठीक है. बस, फॅमिली हिस्ट्री है, ध्यान रखिए." ते शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आले आणि पहिलं तिथेच विसरले.

मग एका संध्याकाळी मी काकांना सांगितलं की जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये मी नाव घातलं आहे, पूर्ण बेचाळीस किलोमीटरच्या. डिसेंबरात मी पंचेचाळीसची होणार होते. दादाच्या वयाला पोचल्यावर भिंतीला टेकून वाट पाहत बसायचं नाही, काहीतरी करायचं, एवढंच डोक्यात होतं. काका पायरीवर बसले. "बेचाळीस? मला तं ऐकूनच भीती वाटून राहिली."

"मग नको का जाऊ?"

"नको कोण म्हणे? मी म्हटलं भीती वाटून राहिली." त्यांनी डोकं खाजवलं. "माझंही नाव टाक. तुला एकटीला पाठवायची त्याहून जास्त भीती वाटून राहिली."

मी फोनवरून आठवड्यांचा तक्ता उतरवून घेतला होता. या आठवड्यात इतके किलोमीटर, पुढच्या आठवड्यात त्याहून थोडे जास्त, रविवारी लांबची धाव. काकांनी तो पाहिला आणि परत दिला. त्यांची रीत वेगळी होती. चेरीतालहून पनागर पंधराएक किलोमीटर. त्या एकाच रस्त्यावर दर रविवारी आदल्या रविवारपेक्षा थोडं पुढे जायचं आणि परत यायचं. आणि जो तुकडा उद्या नवा जोडायचा, तो शनिवारी संध्याकाळी स्कूटरवरून बघून यायचा. "आकडा नको वाढवू, ओळख वाढव. अनोळखी जागी पाय आधी थकते." चौथ्या आठवड्यात मात्र अंतर कमी करायचं. का, विचारलं तर म्हणाले, "पाहुण्याकडे दर रविवारी जाते का कोणी?"

शनिवारची ती स्कूटरफेरी म्हणजे एक सोहळा होता. आधारताल, मग महाराजपूर, मग दोन्ही बाजूंनी शेतं लागलेला मोकळा हायवे. नव्या तुकड्यावर चहाची टपरी, पंक्चरवाला, ढाब्याचा चौकीदार, जो दिसेल त्याच्यापुढे काका स्कूटर थांबवत. "नमस्ते भैया. कल सुबह हम दोनों इधर से दौड़ते हुए निकलेंगे. ये हमारी बिटिया है. कुछ हो जाए तो पानी पिला देना, और इस नंबर पर फोन कर देना." "कुछ हो जाए तो" हे ते इतकं सहज म्हणत की मी रस्त्याकडे बघत राही. लोक आधी हसत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यातून कोणीतरी हाक मारीच, "पांडेजी, सब ठीक?" आणि मग त्या जागेवरची माझी धडधड जरा कमी होई. असं करत मी आठवड्याला पंधरा किलोमीटरवरून चाळीसपर्यंत आले, आणि मग त्याच्याही पुढे. आकडा मी फोनवर पाहत होते. काकांना विचारलं तर ते सांगत, "आता आपली ओळख ढाब्यापर्यंत झाली."

या ओळखीच्या नादात त्यांनी एक घोटाळा केला. कुत्र्यांची त्यांना जबर भीती. म्हणून त्यांनी ठरवलं की त्यांच्याशीही ओळख करायची. शनिवारी स्कूटरच्या डिकीत बिस्किटांचे पुडे घ्यायचे आणि आधारतालपासून पुढे जिथे जिथे कुत्री दिसतील तिथे टाकत जायचं. दोन शनिवार हा दानधर्म चालला. मग आला रविवार. अंधार पुरता सरला नव्हता. डेअरीपाशी तो काळा कुत्रा आम्हाला पाहून उठला, शेपूट हलवत धावत आला, आणि त्याच्यामागून त्याचं सगळं गणगोत. कुत्र्यांनी काकांना ओळखलं होतं. काकांनी कुत्र्यांना ओळखलं नाही. "मंजू, पळ!" असं ओरडून ते असे सुटले की तसे आयुष्यात कधी धावले नसतील. आम्ही जितके जोरात पळू तितकी कुत्री खूष. पुढच्या टपरीतून आणखी दोन सामील झाली. शेवटी चहावाल्याने काठी आपटून आम्हाला सोडवलं. काका बाकावर पडून धापा टाकत म्हणाले, "आ बैल मुझे मार. याला म्हणतात." मी हसत होते, पण बोटं आपोआप मनगटावर गेली होती.

कारण माझी भीती काही हसण्यावारी जाणारी नव्हती. धुक्यात मागून ट्रकचा हॉर्न आला की छातीत धस्स व्हायचं, आणि मग ते धस्स ट्रकचं की आतलं, हे ठरवता ठरवता मी अर्धा किलोमीटर घालवायची. डाव्या खांद्यावर पाण्याच्या पिशवीचा पट्टा घासला तरी मला वाटायचं, हेच ते. रविवारी मी पहाटे उठले की आई पांघरूण तोंडावर ओढून झोपलेली असायची. ती झोपलेली नसायची. मी परत येऊन नळ सोडला की मग तिची कूस बदलल्याचा आवाज यायचा. याविषयी आम्ही दोघी कधी बोललो नाही. "कशी झाली धाव?" "छान झाली." एवढंच.

नोव्हेंबरच्या शेवटी चोवीस किलोमीटरच्या रविवारी, परतीच्या वाटेवर महाराजपूरच्या अलीकडे माझी छाती अशी काही उडायला लागली की मी तशीच ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, पुलियाच्या कठड्यावर बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली. आता दादासारखंच, असं स्पष्ट वाटलं. काका शेजारी बसले. पाणी दिलं, मीठ-साखर दिली. काही होत नाही, असं म्हणाले नाहीत. माझा हात धरून ते म्हणाले, "मला खूप भीती वाटून राहिली, मंजू. तू बोलत राहा. दुखते का? कुठे? घाम थंड आहे की गरम?" मी एकेक सांगत गेले. दुखत नव्हतं. घाम गरम होता. बोलता बोलता छाती खाली आली.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या दादाने त्या दिवशी काय म्हटलं होतं?"

"काही नाही म्हणाला होता. बरोबरच्यांनी विचारलं, तर म्हणाला, काही नाही, गॅस आहे. आणि हसला."

"अन् बाबा?"

"बाबांनी तर कोणाला काही सांगितलंच नाही."

काकांनी मीठ-साखरेची पुडी पुन्हा खिशात ठेवली. मग उठून म्हणाले, "अच्छा, चलो. चालतच जाऊ आज." आम्ही घरापर्यंत चालत आलो. आईला मी सांगितलं, छान झाली.

डिसेंबरात तो रविवार आला, ज्याची आम्ही महिनोन्‌महिने तयारी केली होती. पनागरला हात लावून परत, तीस किलोमीटर. शर्यतीआधीची सगळ्यांत लांब धाव. मी तीन दिवस आधी पंचेचाळीसची झाले होते आणि माझी भीतीने गाळण उडाली होती. मी फाटकाशी पोचले तेव्हा काका लेस बांधून तयार होते. मी माझी भीती सांगितली, चांगली लांबलचक. मग म्हटलं, "तुमची?"

"आज काही नाही. चल."

मी निघाले. दोन पावलं टाकली असतील. मग माझे पाय थांबले. मागे वळून पाहिलं तर एवढ्या कडाक्याच्या थंडीत, एक पाऊल न धावता, काकांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ते जबडा चोळत होते. चेहऱ्यावर हसू होतं. दादाचं ते शेवटचं हसू मी पाहिलेलं नव्हतं, त्याच्या सहकाऱ्यांकडून फक्त ऐकलं होतं, पण आज ते मला दिसलं.

"काका, आज जायचं नाही."

"काहून? तीसचा दिवस आहे आज."

"घाम थंड आहे का?"

"अगं स्वेटर जाड आहे. तू वेळ घालवून राहिली, ऊन चढेल."

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. थंडगार. मी काकूंना हाक मारली ती इतक्या मोठ्याने की समोरच्या घरातले दिवे लागले. स्टेशनकडे निघालेली एक ऑटो थांबवली. काका खरोखर चिडले होते. मला "जिद्दी पोरगी" म्हणाले, काकूंना म्हणाले, हिला समजाव. ऑटोत बसल्यावर दुसऱ्याच वळणावर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. काकू एका हाताने त्यांना धरून दुसऱ्या हाताने ऑटोवाल्याची पाठ थोपटत होत्या, "भैया, जल्दी. भैया, जल्दी." मी काकांशी बोलत राहिले, कुठे दुखतं, किती दुखतं, उत्तर आलं नाही तरी. इतकी मी त्याआधी कधी घाबरले नव्हते आणि नंतरही नाही. एक गोष्ट मात्र पुष्कळ नंतर माझ्या लक्षात आली, की त्या सबंध वाटेत माझी स्वतःची छाती मला आठवली नव्हती.

वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. हृदयाची एक नळी पूर्ण बंद होती. तिच्यात स्टेंट टाकला. तिसऱ्या दिवशी मला भेटू दिलं. हॉस्पिटलच्या कपड्यांतले, कानटोपी नसलेले काका मला आधी ओळखूच आले नाहीत. मी रडायचं ठरवून गेले नव्हते, पण रडले, आणि मग भांडले. जन्मभर पालीची भीतीसुद्धा सांगत आलात, मग हेच का नाही सांगितलं?

"तुझा तीसचा दिवस होता," ते हळूच म्हणाले. "रात्रीपासून दुखून राहिलं होतं. मी बोललो असतो तं तू थांबली असती. अन् एकदा थांबली असती तं पुन्हा निघाली नसती. मी म्हटलं, पनागरपर्यंत जाऊन येतो, मग सांगतो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आईला काय सांगितलं माझं?"

मी खाली पाहिलं. "पाय मुरगळला म्हणून सांगितलं."

"पाय?" काका हसले, मग छातीवर हात ठेवून हसू आवरलं. "तीन दिवसांपासून मी पायासाठी इथे पडून राहिलो? मंजू, एक सांगू? तुझ्या घरी हे खानदानी आहे. छातीचं नाही म्हणून राहिलो मी. हे न बोलणं. अन् मला तुझ्याच घरून लागलं ते." मग डोळे मिटून पडून राहिले. नर्सने मला बाहेर काढलं.

घरी आले तेव्हा आई मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. काकांचा पाय धड आहे, त्यांना झटका आला. मीही पुलियावर बसले होते, तुला सांगितलं नाही. मला रोज भीती वाटते, आई. पळताना वाटते, झोपताना वाटते, आणि मी गेले तर तुझं काय, याची सगळ्यांत जास्त.

आईचे हात थांबले नाहीत. तीन-चार शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी सांगितलं होतं गं."

"काय सांगितलं होतं?"

"त्या दिवशी सकाळी. म्हणाले, छातीत कसंतरी होऊन राहिलं. मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, काही नाही होत, सोडा घ्या. त्यांनी घेतला अन् गेले ऑफिसला." आता तिचे हात थांबले. "सगळे म्हणत आले, त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीही म्हणू दिलं. त्यांनी मला सांगितलं होतं."

तीस वर्षं ही बाई हे एकटीने वाहत होती, आणि मी तिच्याशेजारच्या खोलीत मनगट धरून झोपत होते. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, मटाराच्या टरफलांसकट. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "भात लावायचा आहे, ऊठ."

मॅरेथॉन मी धावले. तिच्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. हे लेखन माझ्यावर नाही, काकांवर आहे. शेवटचे दहा किलोमीटर अर्धे चालत केले, माझ्यामागे फार लोक उरले नव्हते, आणि पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत मी घाबरलेली होते. काकांना फोन केला तर त्यांनी वेळ विचारली नाही. "घरी परत आली ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, अजून इथेच आहे, रस्त्यावर बसले आहे. "मग आल्यावर फोन कर," म्हणून त्यांनी ठेवून दिला.

त्यांचं धावणं बंद झालं. त्यानंतर ते सव्वा वर्ष जगले. सकाळी मैदानाला हळूहळू एक चक्कर मारायचे आणि औषधांची, ऑपरेशनची, मुलीकडे बंगळूरला जायच्या विमानाची, सगळ्याची भीती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गेल्या मार्चमध्ये एका पहाटे काकू उठवायला गेल्या तर ते झोपेतच गेले होते. मी पोचले तेव्हा काकू त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. रडून झालं होतं. मला पाहून म्हणाल्या, "जन्मभर घाबरले, मंजू. अन् शेवटी घाबरायला वेळच मिळाला नाही त्यांना." मग पुन्हा रडायला लागल्या.

ते गेल्यानंतरच्या रविवारी मी धावायला जाणार नव्हते. पहाटे जाग आली तशी पडून राहिले. थोड्या वेळाने आईच्या खोलीत दिवा लागला आणि ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, स्वेटर घालून, केस बांधून.

"छातीत कसं आहे?" तिने विचारलं.

आजवर हा प्रश्न त्या घरात कोणी कोणाला विचारलेला नव्हता. मी उठून बसले. हात छातीवर ठेवून नीट पाहिलं. "धडधडतं आहे," मी म्हटलं. "दुखत नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली आणि माझं मनगट आपल्या हातात घेतलं. तिला मोजता येत नाही, तरी बराच वेळ धरून राहिली.

"बस थोडी," ती म्हणाली. "मग जा."